कंबळ : शर्यतीला परवानगी मिळाली, चाबकाचा प्रश्न तसाच राहिला

रात्रीचे दोन वाजून गेले होते. कर्नाटकातल्या दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या एका गावी कंबळ, म्हणजे चिखलातली रेड्यांची शर्यत, पाहायला भातशेताच्या कडेला उभा होतो. समोर पाणी भरलेल्या चिखलाच्या दोन लांब पट्ट्या, मध्ये मातीचा बांध आणि दोन्ही अंगांना इतकी गर्दी की मुंगीला शिरायला जागा नाही. पलीकडच्या टोकाला रेड्यांची जोडी आणली. वेसण, जू, शेपूट, जे हाताला लागेल ते धरून पाच-सहा जण त्यांना आवरत होते. मागे उघड्या अंगाचा सडपातळ गडी, एका हातात दोर, दुसऱ्या हातात चाबूक.

मी ठरवून आलो होतो की या खेपेला फटके मोजायचे. सुटण्याआधीच दोन बसले. जोडी सुटली, पुढच्या काही ढांगांत आणखी तीन. मग चिखलपाण्याचा असा पडदा उभा राहिला की गडीही दिसेना आणि हातही. तेरा-चौदा सेकंदांत जोडी या टोकाच्या चढावर आली, माणसांनी झेप घालून रेडे धरले, आणि लाउडस्पीकरवरून वेळ सांगितली गेली, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत.

गर्दी पुढच्या जोडीकडे वळली, मी मागे गेलो. रेड्यांवर पाणी ओतत होते. नाकपुड्या ताणलेल्या, तोंडाला फेस, बरगड्या भात्यासारख्या वरखाली. एक पोरगा त्यातल्या एकाच्या पाठीवरून मायेनं हात फिरवत होता. मऊ काळी कातडी, तेलानं चमकणारी. हात मागच्या पुठ्ठ्यावर आला की रेडा तेवढीच कातडी थरथरवायचा, माशी बसल्यावर थरथरवतात तशी. माशी नव्हती. तिथे बोटभर रुंदीचे उंचवटे उठले होते.

सिंधुदुर्गात आमच्या घरी रेड्यांचं जोत होतं. पावसाळ्यात चिखलात दिवसभर त्यांच्या मागून चाललेला माणूस मी जवळून पाहिला आहे, त्यामुळे मला रेडा परका नाही आणि चिखलही नाही. कंबळाकडे मी ओढीनं गेलो. ही नोंद त्या ओढीनंच लिहितो आहे.

हा खेळ आला कुठून

कंबळ हा तुळुनाडूचा खेळ. दक्षिण कन्नड आणि उडुपी हे कर्नाटकाचे किनारी जिल्हे आणि केरळातल्या कासरगोडचा काही भाग हा त्याचा मुलूख. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. तुळू शेतकऱ्याच्या भाताची पिकं दोन-तीन असतात: पावसाळी एणेल, त्यानंतरची सुग्गी, आणि पाणी असेल तिथे तिसरं कोळके. एणेल कापून झालं की सुग्गीच्या पेरणीआधी गावच्या मोठ्या घराण्याच्या सर्वांत मोठ्या शेतात, ‘कंबळगद्दे’त, चिखल करायचा आणि गावातल्या जोड्या त्यात उतरवायच्या. काही ठिकाणी शेताच्या मधोमध फुलांनी सजवलेला खांब, पूकरे, रोवतात. दैवतांची पूजा, ढोल, जेवणावळ सगळं त्याच्याभोवती. जुन्या कंबळात कित्येक ठिकाणी कोण पहिला हा हिशेबच नसे. जोड्या एकेक करून पळवायच्या, नवस फेडायचा, घरी जायचं. रेडे रोगराईपासून वाचले, पीक हाती आलं, त्याचे आभार मानण्याचा तो दिवस.

१९७४ नंतर कर्नाटकात कूळकायद्यानं जमिनी कसणाऱ्यांकडे गेल्या, तशी घराण्यांच्या थाटाची कंबळं अनेक ठिकाणी ओसरली. त्यांच्या जागी समित्यांनी चालवलेलं ‘जोडुकरे’ कंबळ वाढलं. करे म्हणजे धावपट्टी, जोडुकरे म्हणजे शेजारी शेजारी दोन धावपट्ट्या. एकट्यानं पळण्याचा नवस संपला आणि शेजारच्या पट्टीत प्रतिस्पर्धी आला. मला हा बदल फार मोठा वाटतो, त्याकडे पुढे येतोच.

धाव साधारण १२० ते १६० मीटर. जिथे ती संपते तो चढ म्हणजे मंजोट्टी. प्रकार चार. नेगिलूमध्ये जोडीला हलका नांगर जोडतात. हग्गमध्ये नुसता दोर. अड्डहलगेत आडवी फळी असते, गडी तिच्यावर तोल सांभाळत उभा राहतो. कनेहलगे सर्वांत देखणा: भोकं पाडलेल्या लाकडी ठोकळ्यावर गडी उभा राहतो, रेडे पळाले की भोकांतून पाण्याचे फवारे उडतात आणि वर ताणलेल्या कापडाला, निशाणेला, ते पोचतात का हे पाहतात. साडेसहा कोलू, साडेसात कोलू अशी उंची ठरलेली असते; कोलू हे तिथलं उंचीचं माप. तिथे शेजाऱ्याला हरवायचं नसतं, पाणी उंच उडवायचं असतं.

बक्षीस पूर्वी नारळ आणि केळ्यांचा घड. आता सोन्याची पवनं. पहिल्या नंबराला बहुतेक ठिकाणी दोन पवन, म्हणजे १६ ग्रॅम सोनं.

देशभर कंबळाचं नाव झालं ते फेब्रुवारी २०२० मध्ये. ऐकळ इथल्या कंबळात श्रीनिवास गौडा हा गडी १४२.५ मीटर अंतर १३.६२ सेकंदांत पळाला. कुणीतरी त्रैराशिक मांडलं, १०० मीटरला ९.५५ सेकंद निघाले आणि उसेन बोल्टच्या ९.५८ शी तुलना सुरू झाली. केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी चाचणीला बोलावलं. गौडांनी नम्रपणे नकार दिला. कंबळ वेगळं, ट्रॅक वेगळा, असं त्यांनी सांगितलं. आपल्या वेगाचं श्रेय त्यांनी रेड्यांनाही दिलं. त्या गदारोळात हे वाक्य कमी ऐकलं गेलं. ओढत नेणारे रेडेच होते.

जे काढता येणार नाही म्हणत होते

परंपरेचा विषय निघाला की कंबळाचा एक धडा आधी वाचायला हवा. तो कोरगांचा आहे.

कोरग हा या किनाऱ्यावरचा आदिवासी समाज. कंबळाच्या आदल्या रात्री कोरगांनी शेताकाठी थंडीत जागत ढोल वाजवायचे, आणि शर्यतीआधी त्यांना रेड्यांसारखं चिखलातून पळवायचं, ही रीत होती. चिखलात काच, काटा, खडा असला तर तो आधी त्यांच्या पायात शिरावा. ‘अजलू’ नावाखाली चालणाऱ्या अशा अनेक अपमानकारक प्रथांमध्ये उच्चवर्णीयांची केसं-नखं मिसळलेलं अन्न कोरगांना खायला लावणंही होतं. कर्नाटकानं २००० मध्ये स्वतंत्र कायदा करून अजलू बंद केलं.

ज्यांना ही रीत हवी होती त्यांच्यासाठी तीही परंपराच होती, दैवाशी जोडलेली आणि पिढ्यांपासून चालत आलेली. ती काढली. कंबळ पडलं का? उलट त्यानंतरच्या वर्षांत ते अधिक मोठं झालं. तेव्हा ‘एक गोष्ट काढली तर कंबळच उरणार नाही’ असं कुणी सांगितलं तर मी ते मान्य करत नाही. याच चिखलात ते एकदा खोटं ठरलं आहे.

कोर्टातली नऊ वर्षं

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नागराज प्रकरणात जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यत बंद केली. निकालाचा रोख तमिळनाडू आणि महाराष्ट्राकडे होता, पण तर्क कंबळालाही लागू पडत होता: बैल हा ओढकामाचा प्राणी आहे, पळण्यासाठी घडलेला नाही, वेदना आणि भीती दिल्याशिवाय तो असा पळत नाही, आणि १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा हे चालू देत नाही. भूक, अस्वस्थता, इजा, भीती यांपासून मोकळीक आणि स्वभावानुसार वागण्याची मुभा, ही प्राणीकल्याणाची पाच तत्त्वं न्यायालयानं त्या निकालात मांडली.

नोव्हेंबर २०१६ मध्ये पेटा या प्राणिहक्क संघटनेच्या याचिकेवर कर्नाटक उच्च न्यायालयानं कंबळाला अंतरिम स्थगिती दिली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर जल्लिकट्टूसाठी लोक जमले आणि पाठोपाठ मंगळुरू-मुडबिद्रीतही निदर्शनं झाली. १३ फेब्रुवारीला कर्नाटक विधानसभेनं दुरुस्ती विधेयक मंजूर केलं, जुलैत अध्यादेश आला, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये राष्ट्रपतींच्या संमतीनं दुरुस्ती कायदा झाला. प्राण्यांवरील क्रूरता हा विषय समवर्ती सूचीत आहे, केंद्राच्या कायद्याशी विसंगत असं काही राज्याला करायचं तर राष्ट्रपतींची संमती लागते, म्हणून हा वळसा. शेवटी १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आपल्याकडची बैलगाडा शर्यत त्याआधीच, १६ डिसेंबर २०२१ च्या अंतरिम आदेशानं, पुन्हा सुरू झाली होती.

घटनापीठानं म्हटलं की हा संस्कृतीचा भाग आहे की नाही हे ठरवणं विधिमंडळाचं काम. मात्र नियम काटेकोर पाळले जातील याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांची आणि सक्षम अधिकाऱ्यांची. बातम्यांमध्ये पहिला अर्धा भाग आला. वाजतगाजत मिरवणुका निघाल्या त्याही पहिल्या अर्ध्यासाठी. दुसऱ्या अर्ध्याचं काय होतं ते मंजोट्टीपाशी उभं राहिलं की कळतं. आणि मूळ कायद्याचा दात किती? १९६० च्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे. जिथे दोन पवन सोनं मिळतं तिथे पन्नास रुपये.

रेड्याच्या बाजूनं पाहिलं तर

रेड्याचं अंग काळं, केस विरळ, आणि घामाच्या ग्रंथी गाईबैलांपेक्षा फारच कमी. ऊन लागलं की तो घाम गाळून थंड होऊ शकत नाही, म्हणून डबक्यात जाऊन बसतो. चिखलात लोळणारा रेडा आपल्याला आळशी दिसतो, पण तो आपलं अंग निववत असतो. कंबळात त्याच्याभोवती पाणी आणि चिखल भरपूर असतो, पण तो त्यात बसत नाही, त्यातून ऊर फुटेस्तोवर पळतो. पळून झाल्यावर तोंडानं धापा टाकतो आणि फेस येतो, तो याच कारणानं.

धाव तेरा सेकंदांची. म्हणून पुष्कळ लोक म्हणतात, एवढ्याशा पळण्यानं काय होतं? मलाही केवळ पळणं हा मोठा छळ वाटत नाही. आमच्याकडचे रेडे पाऊस पडून गेल्यावर मोकळ्या शेतात स्वतःहून दौडत, शेपट्या वर करून. पण कंबळ तेरा सेकंदांचं नसतं. ते दिवसरात्र चालतं, एकेक जोडी अनेक फेऱ्या पळते. मधल्या तासांत अनोळखी रेडे शेजारी, लाउडस्पीकर, ढोल, डोळ्यांवर दिवे. भक्ष्य म्हणून घडलेल्या जनावराला हे सगळं संकटासारखंच वाटत असणार. त्यात नाकातली वेसण. नाकाचा तो पडदा फार नाजूक, म्हणून तर वेसण तिथे घालतात. सहा माणसं आवरतात तेव्हा सगळा जोर तिथेच येतो.

आणि प्रवास. २५-२६ नोव्हेंबर २०२३ ला बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर पहिल्यांदा कंबळ झालं. मंगळुरूहून घाट चढून साडेतीनशे किलोमीटर. तिथे ना भातशेत, ना एणेल कापलं, ना सुग्गी पेरायची. किनाऱ्याच्या बाहेर राहणाऱ्या तुळू माणसाला आपला खेळ पाहावासा वाटला, ते मी समजू शकतो. मुंबईत तुळू लोकांची वस्ती मोठी आहे, माझे काही मित्र त्यांच्यातलेच. पण शेतातून उचलून शहरात नेलेल्या कंबळाला नवसाचं आणि पिकाचं कारण सांगता येत नाही. न्यायालयात संस्कृती म्हणून जे वाचवलं, ते मातीशी जोडलेलं होतं.

मालकाची बाजू

ही बाजू दुबळी नाही. ती नीट मांडली नाही तर प्रकरण अर्धंच कळेल.

कंबळाचा रेडा शेतकामाला लावत नाहीत. त्याला उकडलेले कुळीथ, रोज तेलाचं मालिश, पोहायला तळं. काही मालकांनी गोठ्यात पंखेच काय, एसी बसवले आहेत. रेड्याला नाव असतं, त्याच्या नावानं घर ओळखलं जातं, मेला तर विधिपूर्वक पुरतात. चांगली जोडी लाखांनी जाते, पण बहुतेकांच्या हाती जिंकलेल्या सोन्यापेक्षा खर्चच अधिक राहतो. हा धंदा नाही, वेड आहे, असं एका मालकानं मला सांगितलं आणि ते मला खरं वाटलं.

दुसरा मुद्दा जास्त टोचतो. पॉवर टिलर आल्यावर रेड्याचं शेतात काम उरलं नाही. दूध म्हैस देते. मग म्हशीला रेडकू झालं आणि ते नर असलं तर त्याचं काय होतं? दुधासाठी म्हैस पाळणाऱ्या घरात त्या नर रेडकाला आचळाला लागू देणं म्हणजे तोटा. ते उपाशी राहतं, किंवा विकलं जातं. २०२० च्या कर्नाटकाच्या कायद्यानं तेरा वर्षांखालचा रेडा कत्तलीला देता येत नाही, त्यामुळे मालकाला ती वाटही उरलेली नाही. सांभाळण्याचा खर्च मात्र आहे. त्या मालकाचं म्हणणं असं, की या भागात नर रेडकाला कुणी जीव लावत असेल तर तो कंबळवाला. हे मी खोडून काढू शकत नाही. कोकणात आमच्याकडे टिलर आला तेव्हा जोतं कुठे गेली, हे मला माहीत आहे. आमचंही गेलं.

म्हणून मी बंदीच्या बाजूनं नाही. बंदी आली तर उद्या हे रेडे मोकळ्या कुरणात चरणार नाहीत, ते नाहीसे होतील. पण जीव लावणं आणि फटके देणं या दोन गोष्टी एकाच गोठ्यात राहतात म्हणून पहिलीनं दुसरीचं समर्थन होत नाही.

मोजता येईल असं काही

जोडुकरेत वेळ मोजायला आता लेझर किरण आणि कॅमेरे आहेत. कोणाचं नाक आधी रेषेवर आलं यावरून पूर्वी मारामाऱ्या व्हायच्या, त्या या यंत्रांनी थांबवल्या. समित्यांनी स्वतःहून केलेली ही सुधारणा आहे, कुणी लादलेली नाही. मग माझी मागणी साधी आहे: त्याच कॅमेऱ्यात फटके मोजा. वेळेबरोबर लाउडस्पीकरवरून तेही सांगा.

जगात हे झालेलं आहे. ब्रिटनमधल्या घोड्यांच्या शर्यतीत चाबकावर आकडा ठरलेला आहे. सपाट शर्यतीत सहा फटके, २०२३ पासून त्याहून चार अधिक झाले तर जिंकलेला घोडाही बाद. जिंकल्यावर बक्षीस जातं, म्हणून नियम पाळला जातो. पन्नास रुपयांच्या दंडानं जे होणार नाही ते दोन पवन सोनं गमावण्याच्या भीतीनं एका हंगामात होईल. पहिल्या वर्षी एक ठरावीक आकडा, पुढच्या वर्षी निम्मा, मग फक्त हात आणि आवाज. रेड्याच्या पाठीवर वळ दिसला तर पुढच्या फेरीतून जोडी बाहेर. हा निर्णय मालकाचा किंवा पंचाचा नको, जागेवर हजर असलेल्या पशुवैद्याचा हवा. कार्कळजवळ मियार इथे धावणाऱ्या तरुणांना तयार करणारी कंबळ अकादमी २०११ पासून आहे. तिथल्या पोरांना चाबकाविना पळवायला शिकवणं अवघड आहे असं मला वाटत नाही. सुरुवात कनेहलगेपासून करावी. तिथे शेजारी नसतो, हरवायला कुणी नसतं, फक्त पाणी उडवायचं असतं.

आपण मराठी माणसांनी हे वाचून तुळूंना शिकवायला निघू नये. बैलगाड्यासाठी महाराष्ट्राच्या नियमांत काठी, चाबूक, विजेचा धक्का देणारी साधनं यांना मनाई आहे, अंतर १००० मीटरपर्यंतच आहे. कागदावर आपण पुढे आहोत. शर्यतीच्या घाटात काय चालतं ते तिथे जाऊन पाहिलेल्यांना ठाऊक आहे.

पहाटे त्याच मालकाशी पुन्हा गाठ पडली. चहा घेत विचारलं, घरी सराव कसा घेता? म्हणाले, तळ्याकाठच्या शेतात. पुढे आवाज द्यायचा, मागे दोर धरायचा, पळतात. चाबूक? घरी कधीच लागत नाही. मग इथे? त्यांनी शेजारच्या करेकडे हात केला. तिथे दुसरी जोडी उभी होती.

लाउडस्पीकर वाजला, दोन्ही जोड्या सुटल्या. मी पुन्हा मोजायला लागलो. एक, दोन, तीन, चार. मग पाणी उडालं.